कचरूची सहा अक्षरं

सिंधूताई हिवाळे यांच्या लग्नाला तीस वर्षं होत आली, पण नवऱ्याचं नाव त्यांनी चारचौघांत घेतलं ते दोनदाच. पहिल्यांदा लग्नातल्या उखाण्यात. तेव्हा मांडवातली पोरंटोरं फिदीफिदी हसली. दुसऱ्यांदा लेकीच्या जन्माच्या वेळी, दवाखान्यात. तिथं कागद भरणाऱ्या माणसानं "काय, कचरू?" असं पुन्हा विचारलं आणि शेजारच्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसला. त्यानंतर सिंधूताईंनी नाव घेणंच सोडून दिलं. बाहेर कुणी विचारलं तर 'हिवाळे' म्हणायच्या, घरात 'समताचे बाबा'.

खुद्द कचरूभाऊंना मात्र आपल्या नावाचं काही वाटत नसे. अमडापूरमध्ये त्यांचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, जयंती असो, कुणाच्या घराची वास्तू असो, बांबू रोवायला आणि कर्णे बांधायला लोक त्यांनाच बोलावत. धंद्याला नाव लेकीचं दिलं होतं, 'समता मंडप अँड साऊंड'. ग्रामपंचायतीची घंटागाडी गाणं वाजवत गल्लीत यायला लागली तेव्हापासून पोरांना नवीनच खेळ मिळाला. गाडी दिसली की ती ओरडायची, "कचरूभाऊ, तुमची गाडी आली." कचरूभाऊ हात दाखवून म्हणायचे, थांबवा रे, चपला घालू द्या. पोरं खूश, कचरूभाऊही खूश. सिंधूताई तेवढ्या आत चुलीपुढं ओठ दाबून बसायच्या.

नावाची गोष्ट त्यांना सासूनं, भिमाबाईंनी सांगितली होती. कचरूभाऊंच्या आधीची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली. तिसरं झालं तेव्हा म्हाताऱ्या बायांनी ते फडक्यात गुंडाळून घडीभर उकिरड्यावर ठेवलं, परत उचलून आणलं आणि नाव ठेवलं कचरू. असल्या नावाच्या पोराकडं मरण कशाला बघेल, असा त्यांचा हिशेब. भिमाबाई ही गोष्ट सांगायच्या ती फार अभिमानानं. पोर जगलं होतं ना, त्यांना आणखी काय हवं होतं. सिंधूताईंना ते कळायचं, पण पटायचं नाही. जगलेल्या माणसाला आता तरी एखादं धड नाव मिळायला काय हरकत होती, असं त्यांना वाटे.

सिंधूताई गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. जोडीला कलाबाई. एकीनं तांदूळ निवडायचे, दुसरीनं फोडणी घालायची, आणि दोघींनी मिळून गावभरच्या गोष्टी करायच्या, असं त्यांचं कित्येक वर्षांचं जमलेलं. त्या वर्षी शाळेत नांदुऱ्याच्या योगिनी मॅडम बदलून आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं भरभर, आणि इंग्रजीचा भारी नाद. पोरांना शब्दांचे खेळ शिकवायच्या आणि स्वतःच पोरांपेक्षा जास्त रमायच्या.

तीन जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीचा कार्यक्रम होता. गावातल्या आया जमल्या होत्या. भाषणं झाली, फुलं वाहून झाली, आणि चहा यायला वेळ होता म्हणून कुणीतरी म्हटलं की चला, एकेकीनं उखाणा घ्या. तेव्हा योगिनी मॅडमना हा खेळ सुचला. त्या म्हणाल्या की आज उखाण्यात नाव घ्यायचं नाही, नाव शोधायचं. नवऱ्याचं नाव इंग्रजी अक्षरांत फळ्यावर लिहायचं आणि ती सगळी अक्षरं ज्याच्या पोटात आहेत असा एक इंग्रजी शब्द काढायचा. अक्षरं मागंपुढं असली तरी चालतील, मधे दुसरी आली तरी चालतील, एखादं अक्षर नावात दोनदा असलं तर शब्दात एकदा सापडलं तरी पुरे. पण शब्द एकच हवा, आणि जितका लांब तितका भारी.

सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली. त्यांचे यजमान ऋत्विक मोबाइल कंपनीत टॉवरच्या कामावर होते. मॅडमनी फळ्यावर 'नेटवर्किंग' लिहिलं आणि त्यातली ऋत्विकची अक्षरं एकेक करून खडूनं गोल केली. बायांना गंमत वाटली. मग कलाबाईंच्या शेखरभाऊंचं नाव लिहिलं. मॅडम थोडा वेळ नखं चावत उभ्या राहिल्या आणि एकदम त्यांनी तेरा अक्षरांचा 'हँडकर्चीफ्स' लिहिला. म्हणजे हातरुमाल, तेही पुष्कळ. शेखरभाऊंना बाराही महिने सर्दी असते हे सगळ्या गावाला ठाऊक. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, कलाबाई तर भिंतीला टेकल्या. मंजुळाबाईंच्या शालिग्रामभाऊंसाठी 'लॉगरिदम्स' निघाला. मोठमोठे हिशेब सोपे करायची रीत, असा त्याचा अर्थ मॅडमनी सांगितला. मंजुळाबाई म्हणाल्या की बाजारातून चार वस्तू सांगितल्या तर हा माणूस तीन आणतो, त्याच्या नावात एवढा हिशेब कुठून आला.

मग कुणीतरी सिंधूताईंना पुढं ढकललं. फळ्यावर सहा अक्षरं आली. के, ए, सी, एच, आर, यू.

मॅडम बघत राहिल्या. एक शब्द लिहिला, पुसला. दुसरा लिहिला, पुसला. चहा आला, थंड झाला. मागच्या ओळीतून एक बाई हळूच म्हणाली की कचऱ्यात काय सापडणार, आणि दोन-चार जणी हसल्या. वाईट मनानं नव्हे, पण हसल्या. मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी पर्समधून मोबाइल काढला आणि म्हणाल्या, एक मिनिट थांबा, यात लगेच सापडेल.

सिंधूताईंनी त्यांचा हात धरला.

"मॅडम, तुमी नका शोधू. माह्या नवऱ्याचं नाव हाय. मीच शोधीन."

असं का म्हटलं ते त्यांना तेव्हा धड सांगता आलं नसतं. एवढंच वाटलं की मोबाइलमधून निघालेला शब्द मोबाइलचा. आठवीपर्यंतची शाळा त्यांची. इंग्रजी अक्षरं येत होती, शब्द बोट ठेवून वाचता येत होते. मॅडमनी शाळेच्या कपाटातून इंग्रजी-मराठी शब्दकोश काढून दिला. जाडजूड, पानं पिवळी पडलेली. सिंधूताईंनी तो पिशवीत टाकला आणि भाजीच्या पिशवीसारखा काखेत मारून घरी नेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर कोळशानं ती सहा अक्षरं मोठी करून लिहिली, आणि खिचडीला उकळी येईपर्यंतचा वेळ शब्दकोशाला दिला. नवऱ्याचं नाव 'के'वरून, तेव्हा शब्दही 'के'वरूनच असणार असं धरून त्यांनी तिथून सुरुवात केली. 'के'ची पानं चारच दिवसांत सरली. मग त्या 'सी'कडं वळल्या आणि तिथं भलत्याच अडकल्या, कारण 'सी'चे शब्द संपता संपेनात. पण एक गोष्ट त्यांना लवकर कळली. सहा अक्षरांत 'के' आणि 'यू' ही दोन हट्टी होती. बाकीची चार कुठंही भेटायची. 'पर्चेस' मिळाला, त्यात सगळं होतं, 'के' नव्हता. 'पॅराशूट' मिळाला, त्यातही 'के' नाही. आता त्या शब्द वाचायच्याच नाहीत, आधी 'के' आहे का बघायच्या, मग 'यू', आणि दोन्ही असले तरच बोट पुढं सरकवायच्या.

गावालाही हळूहळू ते वेड लागलं. मंजुळाबाई नदीवरून येताना थांबून विचारायच्या, सापडला का. कलाबाईंनी 'ट्रक' आणला, त्यात दोन अक्षरं कमी पडली. दुकानदारानं साबणाच्या खोक्यावरचे शब्द वाचून दाखवले. घंटागाडीमागं ओरडणारी पोरंसुद्धा आता शाळेत येताना सिंधूताईंना शब्द विकत असल्यासारखी हाका मारायची. एकानं 'चॉकलेट' आणलं, दुसऱ्यानं 'क्रिकेट'. सिंधूताई भिंतीपुढं उभ्या राहून एकेक अक्षर तपासायच्या आणि मान हलवायच्या. पोरांच्या तोंडी 'कचरू' हे नाव आता दिवसभर असे, पण त्यात चिडवणं राहिलं नव्हतं. ते आता एक गणित होतं.

'आर'च्या पानांत त्यांना 'रिक्षा' सापडला. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग केवढं लांब. त्या बोट ठेवत गेल्या. 'आर' होता, 'सी' होता, 'के' होता. 'एच', 'ए'. पाच आले. सहावा 'यू' त्यांनी पुढून शोधला, मागून शोधला, पान उजेडात धरून शोधला. नव्हता.

त्या दिवशी कचरूभाऊ जेवायला बसले तेव्हा त्यांनी ही हकिगत सांगितली. कचरूभाऊ बराच वेळ हसत राहिले.

"म्हंजे मी रिक्षात बसलो," ते म्हणाले, "अन एक पाय खालीच राह्यला."

"तुमाले हसू येऊन राह्यलं. माह्ये डोळे दुखून राह्यले."

"मंग कायले शोधतं? मले कुठं पायजे शब्द?"

सिंधूताईंनी भाकरी वाढली, आणि ताट पुढं सरकवलं ते जरा आवाज करूनच.

जानेवारी संपत आला होता. एके दुपारी पोरांच्या रांगेला खिचडी वाढताना त्यांचं लक्ष व्हरांड्याच्या भिंतीकडं गेलं. तिथं योगिनी मॅडमनी रंगीत खडूनं शाळेचं वेळापत्रक इंग्रजीत लिहिलं होतं. मधल्या ओळीत मोठ्या अक्षरांत 'लंच ब्रेक' होतं. रोज त्याच्याखाली उभं राहून त्या वाढत होत्या, पण वाचलं नव्हतं. आता वाचलं. 'यू' होता. 'सी', 'एच' होते. 'आर', 'ए', आणि शेवटी 'के'.

डाव तसाच पातेल्यात ठेवून त्या वर्गात गेल्या. मॅडमना हाताला धरून बाहेर आणलं. मॅडमनी अक्षरं मोजली आणि टाळीच वाजवली. सहाच्या सहा. रांगेतली पोरं ताटं वाजवायला लागली. मग मॅडम जरा थांबल्या. म्हणाल्या, हे तसे दोन शब्द आहेत, लंच वेगळा आणि ब्रेक वेगळा, पण काही हरकत नाही, आपण धरू.

सिंधूताईंनी पुन्हा भिंतीकडं पाहिलं. दोन शब्दांमध्ये बोटभर जागा होती.

"नाई मॅडम," त्या म्हणाल्या. "एकच शब्द म्हनलं होतं तुमी. कलाबाईचा एका शब्दात बसला, माह्या नवऱ्याले काऊन दोन लागावे?"

आणि त्या परत वाढायला गेल्या. संध्याकाळी मात्र नवऱ्याला सांगताना त्यांचा आवाज हलका होता. शब्द चुकला तरी पोरांच्या जेवणाच्या सुट्टीत हा माणूस दडलेला होता, हे त्यांना मनातून फार आवडलं होतं.

बाकी अक्षरांची पानं चाळून झाली होती, राहिला होता फक्त 'ए'. 'ए'ची पानं त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण 'ए' म्हटलं की पहिलीतलं ॲपल आठवायचं आणि ते पोराटोरांचं काम वाटायचं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, शाळा बंद, कचरूभाऊ कुणाचा तरी मांडव सोडवायला गेलेले, त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शेजारी शब्दकोश, त्यावर वाऱ्यानं पान उडू नये म्हणून वाटी. मूठभर शेंगा सोलायच्या, एक पान वाचायचं, असं चाललं होतं.

'आर्च'नं सुरू होणारे पुष्कळ शब्द एकाखाली एक आले. कमान, धनुर्धारी, धर्मगुरू. आणि त्यांच्यात एक, 'आर्चड्यूक'.

ए, आर, सी, एच. डी. मग यू. मग के.

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला केलं आणि हात पदराला पुसले. पुन्हा वाचलं. सहाही होती, आणि वर फक्त दोन अक्षरं जास्तीची. एकाच शब्दात, मधे जागा नसलेल्या. अर्थ लिहिला होता, 'ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील राजपुत्र'.

सिंधूताई अंगणात एकट्याच होत्या. त्यांनी तो अर्थ मोठ्यानं वाचला. मग नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेतलं. कचरू. मग पुन्हा अर्थ. शेजारच्या अंगणातून कलाबाईंनी विचारलं की काय झालं वं, कोणाशी बोलून राह्यली. सिंधूताई भिंतीवरून वाकल्या आणि म्हणाल्या, "कचरूशी." आणि दोघी अशा हसल्या की कलाबाईंच्या कोंबड्या पळाल्या.

संध्याकाळी घरात सभाच भरली. कलाबाई आणि शेखरभाऊ आले, मंजुळाबाई आल्या, शेजारची पोरं दारात. कचरूभाऊ हातपाय धुऊन मधे बसले. सिंधूताईंनी शब्द दाखवला, अर्थ वाचला. राजपुत्र म्हटल्यावर पोरांनी आरोळी ठोकली. कचरूभाऊ लाजले, आणि त्यांना असं लाजलेलं गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

समता बुलढाण्याला नर्सिंगला होती. तिला फोन लावला, स्पीकरवर टाकला. ती आधी आनंदली, मग जरा चाचरत म्हणाली की बाबा, आम्हाला इतिहासात होतं, पहिलं महायुद्ध एका आर्चड्यूकला गोळी घातल्यावरच सुरू झालं.

सिंधूताईंना वाटलं, एवढा शोधून काढलेला शब्द, तोही असा निघावा.

"मेला काय तो?" कचरूभाऊंनी विचारलं.

समता हो म्हणाली.

कचरूभाऊंनी थोडा विचार केला. मग शांतपणे म्हणाले, "मंग त्याच्या मायनं त्याचं नाव कचरू ठेवाले पायजे होतं. वाचला असता."

फोनमध्ये समता हसायला लागली, इकडं घर हसायला लागलं. सिंधूताई हसता हसता आत गेल्या आणि चुलीपाशी जरा उभ्या राहिल्या. सासूची आठवण आली. उकिरड्यावरून उचलून आणलेलं ते लेकरू आज साठीला आलं होतं आणि बाहेर बसून सगळ्यांना हसवत होतं. भिमाबाईंचा हिशेब त्यांना इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पटला. त्या बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कचरू, चहा घ्या." तीस वर्षांत त्यांना नावानं हाक मारली ती पहिल्यांदाच. कचरूभाऊंनी चहा बशीत ओतला आणि फुंकर न घालताच पिऊन टाकला.

इथं गोष्ट संपली असती तरी चाललं असतं. पण फेब्रुवारीच्या शेवटी चिखलीच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगचं काम कचरूभाऊंना मिळालं. दुपारी सिंधूताई भांडी घासत असताना त्यांचा फोन आला. कचरूभाऊ कामावरून कधी फोन करत नसत, म्हणून त्यांनी राखेच्याच हातानं उचलला.

"तुह्यं नाव इंग्रजीत कसं लिवतात?" पलीकडून प्रश्न.

"काऊन? काय झालं?"

"सांग तं खरं."

त्यांनी सांगितलं. एस, आय, एन, डी, एच, यू. पलीकडं मागून कुणीतरी ओरडत होतं की भाऊ, बॅनर सुटून राह्यलं, खाली उतरा. कचरूभाऊ त्याला थांब म्हणाले, आणि मग फोनमध्ये एकेक अक्षर स्वतःशीच पुटपुटल्यासारखे बोलत गेले. शेवटी म्हणाले, "सगळे हायेत."

हकिगत त्यांनी घरी आल्यावर सांगितली. स्टेजवर मोठं कापडी बॅनर बांधायचं होतं, पाहुण्यांच्या स्वागताचं. शिडीवर चढून दोरी ओढताना त्यांच्या नाकासमोर एकच लांबलचक शब्द आला. असली बॅनरं त्यांनी जन्मभर बांधली होती, पण महिनाभर घरात सहा अक्षरांचा जप ऐकून डोळ्यांना सवय लागली होती. त्यांना वाटलं, एवढ्या मोठ्या शब्दात कोणी ना कोणी असेलच. आधी स्वतःला शोधलं, नव्हते. समताला शोधलं, 'ए' आणि 'एम' कमी पडले. मग बायकोला. खाली उतरून त्यांनी तिथल्या गजेंद्र सरांना शब्दाचा अर्थ विचारला. सर म्हणाले, 'डिस्टिंग्विश्ड', म्हणजे मान्यवर. ज्यांना मानानं पहिल्या रांगेत बसवतात ते.

"पहिल्या रांगेतली हाय तू," कचरूभाऊ म्हणाले. "मी सोता बॅनर बांधून आलो."

सिंधूताई म्हणाल्या की शिडीवर असताना फोन कशाला करता, पडले असते तर. पण दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या गेल्या त्यांनी मॅडमकडून शब्द लिहून घेतला आणि अक्षरं मोजली. तेरा. कलाबाईंच्या रुमालांइतकीच.

त्यानंतर गावातल्या पुरुषांचीच पंचाईत झाली. कचरूनं बायकोसाठी शब्द आणला, तुम्ही काय आणला, असं घरोघरी विचारलं जाऊ लागलं. शेखरभाऊंनी दोन दिवस शब्दकोश नेला आणि कलाबाईंसाठी 'टॉकेटिव्ह' काढला. अक्षरं बरोबर बसत होती. अर्थ निघाला बडबडी. कलाबाई अख्खा दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि शेखरभाऊ म्हणाले की शब्द लागू पडला, गुण आला.

आठ मार्चला शाळेत पुन्हा बायांचा कार्यक्रम ठरला. साऊंड कचरूभाऊंचा. सकाळी कर्णे बांधून झाले, वायरी जोडून झाल्या, आणि माइक तपासायची वेळ आली. नेहमी ते 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणायचे. त्या दिवशी घसा खाकरून त्यांनी एकेक अक्षर सोडायला सुरुवात केली. डी. आय. एस. टी. आवाज शाळेवरून, बाजारावरून, पार वेशीपर्यंत जात होता. मैदानातली पोरं त्यांच्यामागं ओरडू लागली. आय. एन. जी. यू. एस.

स्वयंपाकखोलीच्या दारात सिंधूताई आल्या, हातात डाव तसाच.

"यूनंतर आय हाय," त्यांनी तिथूनच सांगितलं. "तुमी आय खाल्ला."

कचरूभाऊंनी माइकवरच माफी मागितली आणि पुन्हा डीपासून सुरू केलं. पोरांनीही पुन्हा सुरू केलं. सिंधूताई दारातच उभ्या राहून बोटांवर अक्षरं मोजत होत्या, आणि आत कलाबाई ओरडत होत्या की खिचडी लागून राह्यली.